अम्मींसाठी बाथरूम बदलताना

मागच्या रमजानच्या थोडं आधी अम्मींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं. डावी बाजू मात्र गेली ती गेलीच. काठीच्या आधाराने पाय ओढत त्या चार पावलं टाकू लागल्या, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. दवाखान्यातून निघताना औषधं, मालिश, व्यायाम सगळं समजावून सांगितलं गेलं. शौचाला गेल्यावर पाणी कसं घ्यायचं हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

घरी आल्यावर प्रत्येक वेळी सून त्यांच्याबरोबर आत जायची. आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला. मग लक्षात आलं की अम्मी पाणीच पीत नाहीत. सकाळचा चहा अर्धा टाकतात, जेवायला बसल्या की दोन घासांत हात आखडता घेतात. आजारपणामुळे भूक मेली असेल असं आम्ही समजत राहिलो. त्यानंतर नमाज चुकू लागली. तापाने फणफणल्या असतानाही पलंगावर बसून नमाज पढणाऱ्या अम्मी "आज राहू द्या" म्हणू लागल्या, तेव्हा आम्ही घाबरलो. एका रात्री सुनेचा हात धरून म्हणाल्या, "बेटी, मी पाक झाले की नाही हेच मला कळत नाही. अशा अंगाने अल्लाहपुढे कशी उभी राहू? आणि तुला तरी दिवसातून किती वेळा बोलावू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामसाहेबांना भेटलो. संकोच आम्हालाच होता, त्यांना नव्हता. डावा हात चालत नसेल तर उजव्या हाताने इस्तिंजा करण्यात गुनाह नाही, माणसाच्या ताकदीबाहेरचं त्याच्याकडून मागितलं जात नाही, आणि या कारणाने नमाज अजिबात सोडू नये, असं त्यांनी अम्मींना फोनवरच समजावलं. अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा नळाचा होता.

आपल्या घरांत पाण्याची सवय पिढ्यान् पिढ्यांची. सूरह तौबाच्या 108 व्या आयतीत पाकी पसंत करणाऱ्या ज्या लोकांची तारीफ आहे, ते कुबाचे लोक पाण्याने इस्तिंजा करत, असं लहानपणी मदरशात ऐकलेलं. पत्र्याचं टमरेल, तोटीचा बधना, मग प्लास्टिकचा मग, मग जेट-स्प्रे, एवढा प्रवास आमच्याच घरात झाला. पण लोटा असो की मग, उजव्या हाताने पाणी ओतायचं आणि डाव्याने धुवायचं, म्हणजे दोन हात लागतातच. हे आम्हाला तोवर कधी जाणवलंच नव्हतं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला. कमोडशेजारी हँडलचा नवा जेट-स्प्रे बसवला. आखातात याला शत्ताफ म्हणतात. दोह्याला असलेल्या भाच्याने "मामी, दुसरं काही बघूच नका" असं ठासून सांगितलं होतं. धडधाकट माणसाला ही चीज खरंच उत्तम. अम्मींना मात्र ती धरायची तर उजवीकडे कलून हात मागे न्यावा लागायचा. डावीकडे तोल सावरायला काहीच नाही. तिसऱ्याच दिवशी त्या कमोडवरून घसरता घसरता वाचल्या. शिवाय पाण्याचा जोर इतका की शिंतोडे कपड्यांवर उडायचे, आणि कपडे नापाक झाले का, ही नवी चिंता. जोर कमी करायला खालचा अँगल कॉक अर्धाच उघडा ठेवायचा असतो, हे आम्हाला नंतर कळलं. वापर झाला की तो कॉक बंदही करावा. नाही तर नळीवर रात्रंदिवस दाब राहतो आणि एक दिवस ती फुटते. आमची एकदा फुटली आहे.

मग आठवलं की आमच्या कमोडच्या आतच एक जेट आहे. बारीक नळी, मागून पाणी सोडणारी. पण तिचा कॉक डाव्या भिंतीवर! बारा वर्षं तो तिथे आहे आणि कुणाचं काही अडलं नाही. फरशी फोडून तो उजवीकडे घेता आला असता, पण अम्मींना ती नळीच पटेना. ती कायम उघडी राहते, वरून घाण पडते, आणि तिच्यातूनच पाणी घ्यायचं? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

भाच्याने पुढे विजेवर चालणारी सीट सुचवली. जपानच्या तोतो कंपनीने 1980 मध्ये वॉशलेट नावाने अशी सीट बाजारात आणली, आता आपल्याकडेही मिळते. पाणी कोमट होतं, गरम हवेने अंग सुकतं, सगळं बटणावर. मोह झाला. पण आम्ही राहतो चिपळुणात, आणि अम्मींची खोली तळमजल्यावर. जुलै 2021 च्या पुरात याच बाथरूममध्ये छातीएवढं पाणी होतं. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यात अशा सीटला पुरेसा दाब लागतो. टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा नळाला साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी एका मजल्यावर, म्हणजे त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. पाचव्या-सहाव्या मजल्याच्या इमारतीत खाली राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. किंमत तर सांगायलाच नको.

शेवटी उपयोगी पडली ती अगदी साधी वस्तू. कमोडच्या सीटखाली बसणारी प्लास्टिकची चपटी पट्टी, तिला मागे एक नोझल आणि उजव्या बाजूला फिरवायची कळ. वीज लागत नाही. कळ फिरवली की नोझल पाण्याच्या दाबाने खाली येतं, बंद केली की पडद्याआड जातं. फ्लशच्या टाकीला पाणी देणाऱ्या कॉकवर टी जोडून पाणी घेतलं. आमच्या प्लंबरने ही पट्टी आधी कधी बसवली नव्हती, तरी अर्ध्या तासात काम झालं. भिंतीत दडवलेली फ्लशची टाकी असेल तर तिथून जोड मिळत नाही. तेव्हा जेट-स्प्रेच्या जागी दोन तोंडांचा कॉक लावावा. आणि घेण्याआधी कमोडच्या मागच्या दोन भोकांतलं अंतर मोजून न्यावं. आम्ही नेलं नव्हतं, एक पट्टी परत करावी लागली.

बसवल्यावर उत्साहाच्या भरात न बसताच कळ फिरवून पाहिली. धार सरळ समोरच्या दारावर. नात हसून हसून लोळली. पट्टीच्या जाडीमुळे सीट मागून उचलली गेली होती आणि डुगडुगत होती, म्हणून पुढे रबराची जाड बटणं लावली. उजव्या भिंतीला स्टीलचा दांडा बसवला, नुसत्या टाइलमध्ये नाही तर आत विटेपर्यंत स्क्रू घेऊन. पुसायला सुती कापडाचे तुकडे उजव्या हाताशी ठेवले.

हिवाळ्यात पाणी गार लागतं, अशी अम्मींची एक तक्रार आहे. गीझरचं पाणी जोडावं असं आमच्या मनात आलं होतं, पण मिसळण्यात चूक झाली तर पोळेल, आणि डाव्या बाजूला त्यांना चटका कळतही नाही. म्हणून ते सोडून दिलं. दर जुम्म्याला आंघोळीआधी जुन्या ब्रशने नोझल घासतो. पावसात नळाचं पाणी गढूळ आलं की बारीक माती त्यात अडकते.

पहिल्या दिवशी अम्मी एकट्या आत गेल्या, दार नुसतं लोटून. आम्ही दोघं बाहेर उभे, श्वास रोखून. पाण्याचा आवाज आला, थांबला, परत आला. बऱ्याच वेळाने काठी वाजली. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अशा उभ्या काय राहिलात दारात? वुजूचं पाणी द्या, जुहरची वेळ निघून चालली."

आता चहा पूर्ण पितात, कधी कधी दुसराही मागतात. कोपऱ्यातला बधना मात्र त्यांनी हलवू दिलेला नाही. भरून ठेवायला लावतात. टाकी रिकामी असली तर?