घोटभर

एप्रिल-मे महिन्यात पहाटे पाचच्या सुमाराला पनवेलच्या वडाळे तलावावर धावणारी मंडळी पाहिली, तर परगावच्या माणसाला वाटेल, इथे नुकतीच एक जोरदार सर येऊन गेली. सगळे नखशिखांत भिजलेले, बुटांतून पचपच आवाज. सर वगैरे काही नसते, तो घाम असतो. पुण्याचे धावणारे मित्र आम्हाला त्यांच्या चाळीस अंशांच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्यांनी एकदा मे महिन्यात घाट उतरून यावं. त्यांच्याकडे दुपार कितीही तापली तरी पहाट गार होते, घाम अंगावर आला की वाळतो. आमच्याकडे पहाटेही पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास रेंगाळतो आणि हवेत आधीच इतकं पाणी असतं की आमच्या घामाला तिथे जागाच नसते.

सगळी गोम त्यातच आहे. 55 किलोचं माणूस 10 किलोमीटर धावलं की साधारण 550 किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातला बराच मोठा भाग नुसती उष्णता म्हणून बाहेर पडू पाहतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे हिशेब चोख जमतो, पण वाळला तर. हनुवटीवरून जमिनीवर ठिबकणारा घाम काहीच गार करत नाही, अंगातलं पाणी तेवढं घेऊन जातो. किनारपट्टीवर 37 अंशांनाच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं आणि मैदानी भागात 40 ला, हा फरक उगाच केलेला नाही.

उन्हात धावताना पाणी कधी प्यावं, किती प्यावं, याबद्दल मला आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळंच सांगितलं गेलं. सांगणारा प्रत्येक जण तितकाच ठाम होता.

पहिले ठाम होते आमचे खेळाचे सर. मे महिन्याच्या सुट्टीत खो-खोचं शिबिर असायचं. मैदानाच्या कडेला पिंप होतं, त्यावर झाकण, झाकणावर उपडा पेला आणि शेजारी सर. खेळ संपेपर्यंत पाणी नाही. ‘पाणी प्यायलं की पोटात कळ येते, पाय जड होतात.’ आम्ही तोंड धुवायच्या निमित्ताने चूळ भरायचो आणि त्यातला थोडा घोट गुपचूप आत जाऊ द्यायचो. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, सगळी दुनियाच तेव्हा तसं मानत आलेली होती. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकची मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली. तहान माणसाचं काय करते हे आयोजकाला बघायचं होतं, म्हणून वाटेत पाणी जवळपास ठेवलंच नाही. 32 जण धावले, 14 पोचले. पुढे कित्येक दशकं मॅरेथॉनच्या नियमांतच सुरुवातीच्या टप्प्यात पाणी घ्यायला मुभा नव्हती. आमच्या सरांपर्यंत तो नियम कोणत्या वाटेने आला कोण जाणे, पण पोचला होता.

घरी आजीचं शास्त्र निराळं. उन्हातून आल्यावर माठाकडे झेपावलं की ती हात धरायची. ‘आधी गुळाचा खडा, मग पाणी. आणि बसून पी.’ कैरीचं पन्हं असेल तर त्यात गुळाबरोबर मीठही. मला ती निव्वळ सोवळ्या-ओवळ्यासारखी शिस्त वाटायची. पुढे कधीतरी डॉ. दिलीप महालनबीस यांच्याबद्दल वाचलं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांची बनगावला रीघ लागली होती, पटकीची साथ होती, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. त्यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागून पाणी, असा तो मामला. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हेच मी आज बाटलीत भरते. आजीला आतडं आणि सोडियम यांतलं काही ठाऊक नव्हतं, गूळ मात्र तिने कधी चुकू दिला नाही.

त्या खो-खोच्या शिबिरांच्याच सुमारास, 1984 च्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसला बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. जोन बेनॉइट जिंकली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती सदतिसावी आलेली गॅब्रिएला आंद्रेसन-शीस. पाण्याचं शेवटचं ठिकाण तिच्या हातून सुटलं होतं. स्टेडियममध्ये ती शिरली तेव्हा एक पाय वाकत नव्हता, एक हात लोंबत होता आणि शेवटच्या 400 मीटरला तिला पाच मिनिटांहून जास्त लागली. डॉक्टर बाजूने चालत होते. तिला घाम येतो आहे एवढं पाहून त्यांनी तिला जाऊ दिलं. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तिची ती चाल दिसली आणि आमच्या आळीतल्या बायकांनी एकमुखाने निकाल दिला, ‘कशाला पळायचं एवढं?’ मी काही बोलले नाही. मला ते एवढं पळायचंच होतं.

मग शिक्षण, नोकरी, लग्न, दोन मुलं. या वर्षांत धावले ती फक्त ठाण्याची गाडी पकडायला.

चाळिशीनंतर पुन्हा बूट घातले तेव्हा जग उलटं झालेलं होतं. तलावावरच्या आमच्या गटात जो तो सांगायचा, तहान लागायच्या आधी प्या, दर किलोमीटरला प्या, तहान लागली म्हणजे उशीर झाला. कमरेला बाटल्यांचे पट्टे आले. आमच्यातली एक जण लांबची धाव संपवून आली की वजनकाट्यावर निघतानापेक्षा जास्त भरायची आणि तिची अंगठी बोटात रुतायची. आम्हाला वाटायचं, हिचा काटा बिघडलाय. बिघडला होता तो सल्ला. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं, त्यात 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या बाजूला घसरलेलं निघालं. ज्यांचं वजन धावताना वाढलं, ते त्यात पुढे होते. म्हणजे साध्या पाण्याचाही अतिरेक माणसाला झोपवू शकतो. आता डॉक्टर म्हणतात, तहानेचं ऐका. इतक्या वर्षांत हे एकच कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी आम्ही लांब जातो. पूर्वी पळस्पे फाट्यावरून शिरढोण, कर्नाळा असं जायचो. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. एडनच्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उचकटून तो माणूस पळाला होता, पकडला गेला ही गोष्ट वेगळी. एडनच्या उन्हात त्यांना पाणी कुणी दिलं असेल, हा विचार त्या फाट्यावर मला हटकून यायचा. आता गोवा महामार्गावर ट्रकांच्या अंगचटीला जाऊन धावण्यात शहाणपण नाही, म्हणून नेऱ्याकडे वळतो आणि गाढी नदीच्या अंगाने देहरंग धरणाच्या बाजूला जातो. याच धरणाचं पाणी जुन्या पनवेलच्या नळांना येतं. मे महिन्यात त्याचा तळ दिसायला लागतो आणि शहरात टँकर फिरू लागतात.

त्या रस्त्यावर समोरून ठाकूर-कातकरी बायका येतात, करवंदांच्या, जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन, पनवेलच्या बाजाराला. झपझप चालतात, काही जणी अनवाणी. कुणाच्याच हातात बाटली नसते. एकदा एकीने विचारलं, ‘ताई, कुटं चाललाय?’

‘कुठे नाही. जाऊन परत येणार.’

‘मंग गेलाच कशाला?’

मला उत्तर सुचेना. मी करवंदं घेतली, तिने द्रोण भरून दिला आणि माझ्या बाटलीकडे बोट दाखवून हसत म्हणाली, ‘घोटभर दे की.’ साखर-मिठाचं ते पाणी तिला अजिबात आवडलं नाही.

उन्हाची सवय होते, पण ती मागून मिळत नाही. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं धावावं लागतं. मग रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, मेच्या मध्यावर ते पुसट होतात. तरी वेग परत येत नाही. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला ज्या वेगाने गप्पा मारत धावलो, त्याच वेगाने मे महिन्यात धाप लागते. घड्याळ घरी ठेवावं, हे माझं मत.

म्हणूनच उन्हाळ्यातल्या शर्यती मला पटत नाहीत. महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या शर्यती हिवाळ्यात, नाहीतर साताऱ्यासारख्या पावसाळ्याच्या अखेरीस असतात, ते योग्यच आहे. पण हल्ली एप्रिलमध्येही कुठे कुठे दहा किलोमीटरचे फलक लागतात. अशाच एका गावी मी गेले होते. सहाची वेळ, पाहुण्यांची वाट, दीपप्रज्वलन, भाषणं. निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मागच्यांपर्यंत पाणी पुरलं नाही. शेवटच्या टप्प्यात एक तरुण कोसळला. लोकांनी त्याच्या तोंडात पाणी ओतायचा प्रयत्न केला, मग गाडीत घालून नेला. सुदैवाने वाचला. अशा वेळी माणसाला आधी गार करायचं असतं, हलवायचं नंतर. अमेरिकेत फालमाउथला ऑगस्टमध्ये शर्यत होते. तिथे 18 वर्षांत उष्माघाताचे 274 रुग्ण जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बसवले गेले आणि त्यातला एकही दगावला नाही.

आणि आपल्याला लांब कशाला जायला हवं? 16 एप्रिल 2023 ला आमच्याच पनवेल तालुक्यात, खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने 14 जण गेले. ती माणसं धावतही नव्हती, नुसती बसली होती.

तेव्हा आयोजकांनो, मार्च उलटल्यावर शर्यत घेऊच नका. घ्यायचीच असेल तर सूर्य उगवायच्या आत सोडा, पाहुणे आले नसले तरी. शेवटच्या रेषेपाशी बर्फ घातलेल्या पाण्याचा एक मोठा टब ठेवा. आणि पाण्याचे पेले मोजायला बसाल तेव्हा शेवटून मोजा, सगळ्यात मागे येणाऱ्याचा पेला आधी बाजूला काढून.