गिअरबॉक्सखालचा पोरगा

खंडेनवमीला आमच्या गावातल्या झाडून सगळ्या गॅरेजांत जॅकला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, पुढं नारळ फुटतो. त्याच जॅकमधलं तेल शेवटचं कधी बदललं, असं विचारलं तर मिस्त्री हसतात. "पत्रकारसाहेब, कमी झालं की टाकतो. बदलायचं काय त्यात?"

आज राजकारणावर लिहीत नाही. कुणाला कंटाळवाणं वाटलं तरी चालेल, पण गॅरेजवाल्यांनी आणि गाडीमालकांनी शेवटपर्यंत वाचावं.

ऊस कारखान्यांचे बॉयलर पेटायचे दिवस जवळ आले की सोलापूर-धुळे हायवेच्या कडेला गॅरेजांपुढं ट्रकांची रांग लागते. उसाची गाडी कायम भरून चालते, वावरातून चढ काढते, कारखान्याच्या रांगेत तासन् तास पुढं-मागं करते. क्लच प्लेट जाणारच. क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स मागं ओढून खाली उतरवावा लागतो. ट्रकचा गिअरबॉक्स दीड-दोनशे किलोचा, मोठ्या गाडीचा त्याहून जास्त. हे ओझं एका हायड्रॉलिक जॅकवर तोललेलं असतं आणि त्याच्या शेजारी एक पोरगा उताणा पडून बोल्ट सोडत असतो.

मागच्या हंगामाच्या तोंडावर अशाच एका पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय एकोणीस. गिअरबॉक्स जॅकवर घेतला होता, साखळी बांधलेली नव्हती, फरशी एका बाजूनं खचलेली होती. मागं ओढताना बॉक्स कलला आणि त्यानं सावरायला हात घातला. माणूस हात घालतोच, तो विचार करून घालत नाही.

बातमी चार ओळींची झाली. गॅरेजचं नाव नाही, पोराचं नाव नाही. दवाखान्याच्या कागदावर 'घरी पडून इजा' असं लिहिलं गेलं, कारण सोबत आलेल्यानं तसंच सांगितलं. मी घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "शेठनं दवाखान्याचा खर्च केला भाऊ, वाईट माणूस नाही. पण आता ह्याला पाना धरता येत नाही, त्याचं काय?" या प्रश्नाचं उत्तर तिला अजून कुणी दिलेलं नाही.

त्यानंतर मी तालुक्यातली गॅरेजं फिरलो, जुन्या मिस्त्र्यांशी बोललो. त्यातले एक, सगळे त्यांना मामू म्हणतात, जॅक पुढ्यात ठेवून दीड तास समजावत होते. त्यांच्याकडून जे शिकलो ते माझ्या भाषेत लिहितो.

जॅकमध्ये जादू काही नाही. तेल दाबून दाबलं जात नाही, आणि एका जागी दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं हे मांडलं आणि १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा यानं त्यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. एक चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर वीस किलोचा जोर दिला, तर दहा चौरस सेंटिमीटरचा पिस्टन दोनशे किलो उचलतो. वर हँडलची तरफ आहेच. म्हणून सतरा वर्षांचं पोरगं एकट्यानं गिअरबॉक्स उचलतं.

पण ते दोनशे किलो वर कशामुळं थांबतात? एक रबरी सील, एक बारीक गोळी आणि एक रिलीज व्हॉल्व्ह, एवढ्यावर. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला की जॅक हळूहळू बसायला लागतो. मामू म्हणाले, "जॅक एकदम दगा देत नाही. महिनाभर आधी सांगत असतो. कुणी ऐकत नाही."

तर तो काय सांगत असतो, ते बघा.

पिस्टनच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर सील गेलं. फडक्यानं पुसून काम चालू ठेवायचं नाही. हँडल मारताना मऊ लागतंय, जॅक झटके देत वर जातोय, तर आत हवा आहे. ओझं काढायचं, रिलीज व्हॉल्व्ह उघडायचा, हँडल दहा-पंधरा वेळा पूर्ण मारायचं, व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा बघायचं. कंपनीचं पुस्तक असेल तर त्यात जी रीत दिली असेल ती पाळायची. ओझं घेऊन जॅक बसतोय का, हे बघायला मामूंची पद्धत सोपी आहे. कुणी खाली नसताना जुना गिअरबॉक्स थोडा वर उचलायचा, दांड्यावर खडूची खूण करायची, दहा मिनिटांनी बघायचं. खूण हलली असेल तर तो जॅक बाजूला.

तेल हायड्रॉलिकचंच. आपल्याकडं सर्रास ब्रेक ऑइल ओततात. ते वेगळ्या जातीचं असतं, हायड्रॉलिक जॅकचं रबर त्यानं फुगतं आणि खराब होतं. तेल भरताना पिस्टन पूर्ण खाली असला पाहिजे, नाहीतर खाली आल्यावर तेल जास्त होतं. काम संपल्यावरही जॅक खालीच ठेवायचा. उघडा दांडा धूळ खातो, गंजतो आणि तोच गंज सील फाडतो.

आता वापरायचं. आधी गाडी सपाट जागी, चाकांना पुढं-मागं ठोकळे, आणि उचललेली गाडी घोडीवर. गाडी जॅकवर ठेवून कुणी खाली जायचं नाही. गिअरबॉक्सचा जॅक गिअरबॉक्ससाठीच, त्यानं गाडी उचलायची नाही. जॅकवर किती किलोचा आकडा आहे तो वाचायचा, मिटला असेल तर रंगानं पुन्हा लिहायचा. बॉक्सचा तोल बरोबर मध्यावर घ्यायचा, साखळी आवळायची आणि मगच शेवटचे बोल्ट काढायचे. बॉक्स क्लचच्या शाफ्टवर लोंबकळत ठेवायचा नाही, त्यात प्लेटही वाकते. बाहेर सुटला की आधी खाली घ्यायचा, नंतर ढकलायचा. उंचावर असलेला बॉक्स घेऊन जॅक सरकवला की चाक एका बारक्या खड्यात अडकलं तरी पुरतं. रिलीज व्हॉल्व्ह हळूहळू सोडायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बॉक्स पडत असेल तर पडू द्यायचा. बॉक्सचं कव्हर बाजारात मिळतं.

साखळी बांधायला किती वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून बघितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग बांधत का नाहीत? इथं विषय गॅरेजच्या बाहेर येतो. कारखाने अधिनियम १९४८ चा. क्रेन, कप्पी अशी उचलायची यंत्रं वर्षातून किमान एकदा जाणकारानं तपासावीत, असं त्यात होतं. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असतील तर कारखाना, अशी मूळ व्याख्या होती. आमच्या तालुक्यातल्या गॅरेजात तीन माणसं असतात, त्यातला एक मालक. तिथं तपासायला कोण येणार?

भरपाईचा कायदा १९२३ चा, म्हणजे शंभर वर्षांहून जुना. त्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशोब होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के कमी, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. संसदेनं २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता केली, तिच्यातही भरपाईचा विषय आहे. पण कागदावर 'घरी पडून' लिहिलं की कुठल्याच कायद्याच्या दारात उभं राहता येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, अपघात गॅरेजात झाला तर दवाखान्यात 'कामावर' असंच सांगा. मालकाशी वैर म्हणून नाही, पोराच्या पुढच्या आयुष्यासाठी.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. वय १८ ते ७०, बँकेत खातं पाहिजे. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. बोटं गेली तर यात काही मिळत नाही, हेही माहीत असू द्या. मालकांनो, आपल्या पोरांचे वीस-वीस रुपये तुम्ही भरा. एका चहाच्या फेरीत निघतात. आणि वय आठराच्या आत असेल तर त्याला गाडीखाली घालूच नका. चौदाच्या आतल्याला कामावर ठेवणं तर गुन्हाच आहे.

आपल्याकडं आयटीआय आहे, तिथं मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड आहे, शिकवणारे निदेशक आहेत. हंगामाआधी एका रविवारी सगळ्या गॅरेजवाल्यांना बोलावून अर्धा दिवस जॅक दाखवावा, एवढीच मागणी मी लेखी देणार आहे. नगरपरिषदेनं गॅरेजलाइनची फरशी नाही तर निदान पाण्याचा निचरा तरी करून द्यावा.

गाडीमालकांनाही एक सांगणं आहे. "संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे, नाहीतर टोळी बसून राहील" असं फोनवर ओरडता, तेव्हा ती घाई थेट गाडीखालच्या पोरावर येते. साखळीची दोन मिनिटं तिथंच वाचवली जातात. उद्या गाडी लावाल तेव्हा मिस्त्रीला एवढंच म्हणा, "मामू, साखळी बांधून घ्या, थांबतो मी."

तुमच्या गावच्या गॅरेजवाल्याला ही पोस्ट पाठवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.