ढोलीचं झाड

धनेशाची चोच पाहिली, की हा पक्षी फणससुद्धा सहज फोडत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला साधं खोड कोरता येत नाही. सुतार, तांबट वठल्या फांदीत आपलं घर आपण कोरतात. कोकणात ज्याला ककणेर म्हणतात, त्या धनेशाला मात्र आयती ढोली लागते, आणि तीही मादी पिल्लांसकट मावेल एवढी.

अशी ढोली मागून मिळत नाही. वादळात फांदी मोडते, जखमेत पाणी मुरतं, बुरशी सावकाश गाभा खाते. त्याला कित्येक पावसाळे जातात. झाड मात्र मरत नाही, कारण पाणी वर नेणारं लाकूड सालीलगत असतं. आत सगळं रितं आणि चैत्रात शेंड्यावर तांबूस पालवी, असा बेहडा पाहिला की मला त्याच्या वयाचा हेवाच वाटतो.

मादी आत शिरते आणि विष्ठेने, फळांच्या गराने दार लिंपून घेते. उरते एक उभी फट. नर वडाची फळं गळ्यात भरून आणतो. एकेक फळ चोचीच्या टोकाशी येतं, फटीतून आतली चोच पुढे होते, फळ गायब. मग पुढचं. आत बसल्या बसल्या तिने उडायची पिसंही झाडलेली असतात. सगळी भिस्त नरावर. घर नांदतं आहे की नाही, हे कळायला वर पाहावंही लागत नाही. बुंध्याशी बियांचा सडा आणि त्यातून उगवलेली रोपं पुरतात.

लाकूडवाल्याच्या लेखी हे झाड म्हणजे फळ्या न निघणारं सरपण. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतली वठलेली, मरणपंथाला लागलेली झाडंसुद्धा काढायला सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली मनाई केली. पण कोकणातलं बरंचसं रान खासगी आहे. तिथे थोराड झाडं टिकली ती बरीचशी देवराईत, देवाच्या धाकाने. एक तोडलं तर दहा लावू, हे आश्वासन मला म्हणूनच पोकळ वाटतं. ढोली काही नर्सरीत मिळत नाही.

महाधनेशाची मादी पिल्लं जरा मोठी झाली की दार फोडून बाहेर येते, नराच्या मदतीला लागते. आतली पिल्लं तेच दार पुन्हा लिंपून घेतात. तोवर उन्हाळा भरात आलेला असतो, आणि पावसाआधी तोड उरकायची घाई ठेकेदारालाही असते.