दोन संगणक आणि मास्तरांची गाणी

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणक गेल्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला आणि नवा घ्यावा असे पॅरिश कौन्सिलच्या सभेत एकमताने ठरले. एकमत तेवढ्यापुरतेच. कोणता घ्यावा यावर जी चर्चा सुरू झाली, ती रात्री साडेदहापर्यंत आटोपली नाही. युवक संघाचा चिटणीस मॅकबुकच्या बाजूने उभा राहिला, खजिनदार विंडोजच्या. एकाने देखणेपणाचे आणि टिकाऊपणाचे दाखले दिले, दुसऱ्याने किमतीचे आणि दुरुस्तीचे. तिसरा एक तरुण, बहुधा दोघांना गप्प करण्यासाठीच, म्हणाला की लिनक्स फुकट मिळते, जुनेच यंत्र दुरुस्त करून त्यावर ते घालू. दफनभूमीच्या कुंपणाचा विषय त्या रात्री राहूनच गेला.

अध्यक्षस्थान आमच्याकडे असूनही आम्ही बोललो नाही. हा वाद आम्हांला नवा नव्हता. तीस वर्षांपूर्वी आम्ही तो स्वतः हिरिरीने घातला होता, आणि त्या हिरिरीपायी एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत आमच्या हातून जे घडले, ते आजवर आम्ही कोठे लिहिलेले नाही. त्या रात्री झोप येईना, तेव्हा लिहावयास बसलो.

१९९२ साली आम्ही पुण्यात ईशज्ञानाचा अभ्यास करीत होतो. गुरुविद्यालयात तेव्हा दोन संगणक होते. एक कार्यालयात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, आयबीएमच्या नमुन्यावर बेतलेला, डॉसवर चालणारा. काळा पडदा, हिरवी अक्षरे आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. आज्ञा बिनचूक द्याल तर तो काम करील. एक ठिपका चुकला तर ढिम्म हलणार नाही. दुसरा ग्रंथालयात होता. एका जर्मन उपकारकर्त्यांनी पाठविलेला मॅकिंटॉश. पडदा अवघा नऊ इंची, पण पांढरा शुभ्र, आणि त्यावरील काळी अक्षरे कागदावर उमटतील तशीच दिसत. एखादा मजकूर नकोसा झाला, तर त्याचे चित्र माऊसने धरून कचऱ्याच्या डब्यावर नेऊन सोडायचे. आम्ही पहिल्या दिवसापासून त्याच्या प्रेमात पडलो.

रात्रीच्या जेवणानंतर जो विरंगुळ्याचा तास मिळे, त्यात यावरून दोन तट पडले. दुसऱ्या तटाचे म्होरके आमचे एक सहाध्यायी होते, शेतकऱ्याच्या घरचे, बोलण्यात फटकळ आणि हिशेबाला पक्के. त्यांचा मुद्दा असा की १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात मिळणाऱ्या भागांतून उभा केला, इंटेलची चिप आणि मायक्रोसॉफ्टचे डॉस घेतले. म्हणून इतरांना तसाच संगणक बनविता आला, किमती उतरल्या आणि लॅमिंग्टन रोडवरचा पोरगाही आज तो जोडून देतो. आपल्यासारख्या गरीब देशाला असेच यंत्र हवे. उलट मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला तो २,४९५ डॉलरना, आणि त्यातील यंत्र व आज्ञावली दोन्ही एकाच कंपनीच्या मुठीत. बिघडला तर कोठे नेणार? यावर आम्ही म्हणत असू की खिडक्या, चित्रे आणि माऊस सामान्य माणसाच्या हाती प्रथम मॅकिंटॉशने दिले, विंडोजने मागाहून त्याचा कित्ता गिरविला. ते लगेच आठवण करून देत की त्या कल्पना मुळात कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या. याच प्रश्नावर ॲपलने मायक्रोसॉफ्टविरुद्ध १९८८ मध्ये गुदरलेला खटला तेव्हा अमेरिकेत चालू होता. आमचा त्याहून जास्त काळ चालेल अशी चिन्हे दिसत होती.

१९९४ च्या सप्टेंबरअखेरीस उंबेर्तो एको यांनी 'लेस्प्रेस्सो' या इटालियन साप्ताहिकातील आपल्या सदरात हाच वाद विनोदाने हाताळला. त्याच्या इंग्रजी अनुवादाची छायाप्रत फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. एकोंचे म्हणणे असे की मॅकिंटॉश कॅथलिक आहे आणि डॉस प्रॉटेस्टंट. मॅकिंटॉश भाविकाचा हात धरून त्याला पायरीपायरीने तारणाकडे, निदान छापील कागदापर्यंत, घेऊन जातो. डॉस प्रत्येकाला आपापला अर्थ लावू देतो, अवघड निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत अशी अपेक्षा धरतो आणि सर्वांचेच तारण होईल असे मानत नाही. विंडोज म्हणजे अँग्लिकन पंथ: थाट कॅथीड्रलचा, पण मागच्या दाराने डॉसकडे परतण्याची सोय.

आम्ही तर हरखूनच गेलो. त्याच सुमारास डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाच्या १९८० मधील एका लेखाविषयी वाचनात आले. मोठी संख्या साठविताना तिचे मोठे टोक आधी ठेवावे की लहान, या वादाला त्यांनी धर्मयुद्ध म्हटले होते आणि दोन्ही पक्षांना 'गलिव्हर'मधील नावे दिली होती. लिलिपुटमध्ये अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून रक्त सांडते. ते पुस्तक १७२६ चे. लेखक स्विफ्ट हे डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन, आणि अंड्यांच्या त्या युद्धात मोठ्या टोकाचे ते कॅथलिक अशी त्यांची थट्टा. आता पाहा, मॅकिंटॉशमधील मोटोरोलाची चिप मोठ्या टोकाची आणि आयबीएममधील इंटेलची लहान टोकाची! स्विफ्ट आणि एको, दोघांचीही साक्ष आमच्या बाजूने पडली. आम्ही हे सारे भोजनगृहात वाचून दाखविले. सहाध्यायी शांतपणे म्हणाले, "प्रॉटेस्टंटांनी बायबल लोकांच्या भाषेत नेले, हे विसरू नका. तुमच्या मॅकिंटॉशला मराठी येते का?"

आमचे उत्तर तयार होते. मॅकिंटॉशवर आम्ही एक मराठी अक्षरसंच विकत आणून बसविला होता, आणि त्याची छपाई जुन्या प्रार्थनापुस्तकांसारखी रेखीव होती. कार्यालयातील डॉसच्या यंत्रात मराठीसाठी एक कार्ड घातलेले होते. ही 'जिस्ट'ची विद्या कानपूरच्या आयआयटीत जन्मली आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढविली. त्यातून पडद्यावर उमटणारी देवनागरी मात्र ओबडधोबड, मात्रा अधांतरी लटकलेल्या. आम्ही तिला हसत असू.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजावून दिली पाहिजे, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. त्या काळी असे २५६ आकडे उपलब्ध असत. त्यांतील पहिल्या निम्म्यांत इंग्रजी अक्षरे बसत आणि ती दोन्ही यंत्रांत सारखीच होती. उरलेल्या निम्म्यांत युरोपीय भाषांतील टोपीवाली, शेपटीवाली अक्षरे आणि काही चिन्हे असत, पण त्यांचा क्रम मॅकिंटॉशचा वेगळा, डॉसचा वेगळा आणि विंडोजचा आणखी वेगळा. मराठी अक्षरसंच बनविणारे या आकड्यांना देवनागरी आकारांचे कपडे चढवीत: एका आकड्याला अर्धा 'क', दुसऱ्याला वेलांटी, तिसऱ्याला रफार. कोणता आकार कोठे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. आम्ही ज्याला हसत होतो त्या कार्डाची रीत निराळी होती. ते आकार न साठविता अक्षर साठवी, आणि तेही १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या इस्की संकेताप्रमाणे. पुढे ॲपलनेही देवनागरीसाठी त्याच मानकाचा आधार घेतला, तेव्हा दोष यंत्राचा नव्हे. दोन वर्षे आम्ही देखणेपणा, किंमत, मोकळेपणा यांवर घसा कोरडा केला. आपली अक्षरे आत कोणत्या रूपात राहतात, हे आमच्या तटातील एकानेही कधी विचारले नाही.

१९९५ मध्ये आमचा गुरुदीक्षाविधी झाला आणि वसईच्या किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. गुरुविद्यालयाने नवे यंत्र घेतले होते. जुना मॅकिंटॉश आम्ही हट्टाने मागून आणला. तेथे एक निवृत्त धर्मशिक्षक होते, वय ऐंशीच्या घरात. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. मांडवात गायची जुनी गाणी, रहाट ओढणाऱ्या बैलांना घालायच्या हाळ्या, कोणते बावखल कोणी खणले, सुकेळी कशी वाळवीत, हे सर्व त्यांना बोलीभाषेत जसेच्या तसे पाठ होते. १९९७ मध्ये धर्मग्रामाचा महोत्सव होता. त्यानिमित्त मास्तरांच्या आठवणींचे पुस्तक काढावे असे ठरले. हिवाळाभर ते संध्याकाळच्या जपमाळेनंतर येऊन बसत आणि सांगत; आम्ही टंकित करीत असू. कोणीतरी ध्वनिमुद्रण करण्याचे सुचविले, तेव्हा आम्ही म्हणालो की गरज नाही, आमची बोटे मास्तरांच्या जिभेबरोबर चालतात. एकेचाळीस पाने झाली. मास्तरांना दाखविण्यासाठी पहिली नऊ छापून काढली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाले, "फादर, अक्षर अगदी मिस्सलसारखे आले आहे."

उपवासकाळात मास्तर देवाघरी गेले. त्यानंतर पंधरवड्याने आम्ही मजकूर फ्लॉपीवर उतरवून मुद्रणालयात नेला. तेथील संगणक दुसऱ्या जातीचा. आमच्या यंत्राने फ्लॉपी तयार करताना त्या आकड्यांना युरोपीय अक्षरे समजून आपल्या परीने भाषांतर करून ठेवले होते. ज्यांना पलीकडे जोड नव्हती, त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह घातले होते. जुळारी म्हणाला, "फादर, ही कोणती भाषा?" पडद्यावर टोपीवाली अक्षरे आणि प्रश्नचिन्हे यांची रांग लागली होती. घरी येऊन छापायला बसलो, तर आमचा जुना प्रिंटर नादुरुस्त. तो दुरुस्त होण्याआधी पहिल्या पावसाच्या दमट हवेत मॅकिंटॉशची चकतीच गेली. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. महोत्सवाचे पुस्तक निघाले ते त्या नऊ पानांवर. मास्तरांच्या थोरल्या मुलीने दहा प्रती विकत घेतल्या आणि विचारले, "फादर, बाकीचे दुसऱ्या भागात येणार ना?" आम्ही होय म्हणालो.

ती फ्लॉपी आम्ही आमच्या सहाध्यायींकडे पाठविली. त्यांनी महिनाभर झटून पाहिले आणि कळविले की आज तरी जमत नाही. 'मी सांगितले होते' हे वाक्य त्यांच्या पत्रात नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोस्टनच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर केले की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतविणार आहे. मोठ्या पडद्यावर बिल गेट्स दिसताच जमलेल्या मॅकप्रेमींपैकी अनेकांनी हुर्यो उडविली. आम्ही वर्तमानपत्रात ते वाचले आणि पान उलटले. तोवर आमचा उत्साह संपला होता.

हुर्यो उडविणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण दोन्ही तटांतील शहाणी माणसे त्याआधीच एका टेबलाशी बसली होती. झेरॉक्स आणि ॲपलमधील काही जणांनी आरंभिलेल्या युनिकोडच्या कामात मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमही सामील झाल्या होत्या. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा आकडा, यंत्र कोणाचेही असो. ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी आपल्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणूनच आमच्या सहाध्यायींची त्या ओबडधोबड यंत्रावरील टिपणे आज त्यांच्या फोनवरही वाचता येतात.

२०१४ मध्ये त्यांचा ई-मेल आला. मास्तरांची फाइल त्यांनी प्रत्येक नव्या संगणकावर सतरा वर्षे उतरवून ठेवली होती. त्यांच्या धर्मग्रामातील एका अभियंत्या तरुणाने छापील नऊ पाने आणि ती टोपीवाली अक्षरे शेजारी शेजारी ठेवून कोणता आकडा म्हणजे कोणता आकार याची सारणी तयार केली, आणि बाकीची बत्तीस पाने तिच्यातून गाळून काढली. पोरगा इंग्रजी माध्यमातला. त्याच्या पहिल्या खर्ड्यात 'शेतकऱ्यांचे' सर्वत्र 'शेतकर्यांचे' झाले होते. मराठीतला तो आडवा अर्धा 'र' वेगळा असतो, हे त्याला आम्ही सांगितले तेव्हा त्याने हसून सारणी दुरुस्त केली. प्रश्नचिन्हे मात्र सारणीने सुटणारी नव्हती. चार-पाच वेगळे आकार एकाच प्रश्नचिन्हात बुडाले होते. बहुतेक ठिकाणी संदर्भावरून शब्द लागला. गाण्यांत संदर्भ पुरेना. अशी तेवीस ठिकाणे उरली.

ती घेऊन आम्ही मास्तरांच्या मुलीकडे गेलो. त्यांनीही तोवर सत्तरी गाठली होती. वाचून दाखविलेले त्यांना आठवेना. गाऊ लागल्या की शब्द आपोआप येई, मध्येच थांबविले की जाई. तीन दुपारी आम्ही ओसरीवर बसलो. एकोणीस जागा भरल्या. चार ठिकाणी त्या एका दिवशी एक शब्द गात आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. आम्ही विचारले, "यांतला मास्तरांचा कोणता?" त्या बराच वेळ बावखलाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "फादर, तेव्हा लिहून घेतले होते ना तुम्ही?"

दुसरा भाग २०१५ मध्ये निघाला. त्या चार जागा त्यात कोऱ्या सोडल्या आहेत.