माहिती प्रणाली : नोंद उसाची आणि नोंद लेकरांची



'माहिती प्रणाली' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संगणक येतो. पण संगणक हा तिचा फक्त एक भाग. माहिती गोळा करणारी माणसं, नोंदीची पद्धत आणि त्या नोंदीवरून घेतलेला निर्णय, हे सगळं मिळून प्रणाली होते.

शिरूर-दौंडकरांना हे काही नवीन नाही. डेअरीत फॅट, एसएनएफ मोजून पावती मिळते, त्यावरच दुधाचा दर ठरतो. न्हावऱ्याचा घोडगंगा असो की पाटसचा भीमा, कारखाना म्हटलं की वजनकाटा आलाच. गाडी काट्यावर चढली की उसाची नोंद होते. पण उसाच्या हंगामात आई-बापाबरोबर आलेल्या ऊसतोड मजुराच्या लेकराचं काय? गावाकडे ते गैरहजर, इथं पटावर नाही. म्हणजे कुठंच नाही!

यासाठीच शाळांकडे प्रणाली आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून 'सरल' आली. यू-डायस प्लसमध्ये जुनी शाळा विद्यार्थ्याला ड्रॉपबॉक्समध्ये टाकते आणि नवी शाळा पेन क्रमांक व जन्मतारखेवरून त्याला आपल्या पटावर घेते.

एका हंगामात माझ्या वर्गात बीडकडची एक मुलगी आली. दाखला नाही, पेन क्रमांक पालकांना माहीत नाही. तिच्या गावच्या बाईंना फोन लावला. त्यांनी क्रमांक दिला आणि म्हणाल्या, "सर, भागाकार येतो तिला, पण लाजते. जरा पुढं बसवा." क्रमांक पोर्टलवर भरला. दुसऱ्या गोष्टीसाठी तिथं रकानाच नव्हता. मुलीला मात्र त्याच दिवशी पुढं बसवलं.

मला वाटतं, प्रणाली आणि शिक्षक यांचं नातं असंच असावं. नोंद मुलाला शाळेपर्यंत आणते, पुढचं काम आपलं. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून आधी मूल वर्गात, मग माहिती पोर्टलवर.

पालकांनो, हंगामाला निघण्याआधी शाळेत सांगून जा. शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि मुलाचा पेन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोबाईल हरवेल, बंद पडेल. वही मात्र लेकराच्या दप्तरात असते.