शनिवार दुपारचा रकाना

मैत्रिणीच्या बॅचलरेटची गूगल शीट मी अजून डिलीट केलेली नाही. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. शीटमध्ये तीन दिवस आडवे आहेत आणि तास उभे. शनिवारचा दुपारी 12 ते 4 हा रकाना आधी गुलाबी होता, मग पिवळा झाला, शेवटी पांढरा.

नवरी नाशिकची. आम्ही दोघी रालेला मास्टर्स करताना रूममेट होतो. एक खोली, दोन गाद्या आणि एक कुकर. लग्न डिसेंबरात नाशिकलाच होतं, अगदी साग्रसंगीत. पण त्याआधी तिला इथल्या मैत्रिणींसोबत एक वीकेंड हवा होता. आईला फोनवर तिनं सांगितलं, "अगं, मैत्रिणींनी केलेलं केळवण समज." त्यावर आई म्हणाली, "मग हॉटेल कशाला? घरी जेवायला बोलवा की पोरींना." केळवणात टकिला नसते, हे तिनं आईला सांगितलं नाही.

करवली मी. म्हणजे तिकिटं, घर, टी-शर्ट, कोण कुणाशी बोलत नाही याची नोंद, आणि हिशोब, सगळं माझ्याकडे. आम्ही सातजणी होतो. ग्रुपवर सगळ्यांची ओळख शहरानं पडली: अटलांटावाली, ह्यूस्टनवाली, जर्सीवाली, नवरीची धाकटी मामेबहीण जी अजून शिकत होती म्हणून नुसतीच 'छोटी', आणि मेकनवाली. मेकनवाली नवरीच्या ऑफिसातली, ग्रुपमधली एकटीच अमेरिकन. ती काळी आहे, हे इथे सांगावं लागतंय, कारण शीट बनवताना मला ते आठवलंच नव्हतं. आठवलं नाही याचा तेव्हा थोडा अभिमानही वाटला असता.

शहर ठरायला तीन आठवडे गेले. नॅशव्हिलला जावं तर तिथे प्रत्येक रस्त्यावर एक नवरी आणि मागे दहा करवल्या. न्यू ऑर्लिन्स लांब. चार्ल्सटनच्या हॉटेलांचे भाव बघून जर्सीवालीनं रडणारे चार इमोजी टाकले. मग सव्हाना. शार्लटहून गाडीनं चारेक तास, अटलांटाहूनही साधारण तेवढेच. आणि मुख्य म्हणजे नवरीच्या पिंटरेस्टवर मास्टर्सच्या दिवसांपासून एक फोटो होता: दोन्ही बाजूंना प्रचंड ओकची झाडं, वरून लोंबणारे करडे झुबके आणि मधून चालत जाणारी पांढऱ्या कपड्यांतली मुलगी. ते झुबके म्हणजे स्पॅनिश मॉस. ते स्पॅनिश नाही आणि मॉसही नाही, चक्क अननसाच्या कुळातलं आहे. ही माहिती मी ग्रुपवर टाकली, कुणीही लाइक केली नाही.

सव्हाना खरंच देखणं आहे. 1733 साली जेम्स ओगलथॉर्पनं ते वसवलं तेव्हाच चौकांच्या हिशोबानं आखलं. गावात एकूण 24 चौक झाले, त्यातले 22 अजून आहेत. चौक म्हणजे आपला सिग्नलचा चौक नव्हे. मधे छोटी बाग, बाकं, सावली आणि भोवती जुनी घरं. दर दोन-तीन मिनिटांनी असा एक चौक लागतो, त्यामुळे उन्हातही माणूस चालत राहतो. 'फॉरेस्ट गम्प'मधलं ते बाक इथल्याच एका चौकात ठेवलं होतं, शूटिंगपुरतं. लोक अजून तिथे येऊन बाक शोधतात. ह्यूस्टनवालीनंही शोधलं.

बॅचलरेटवाल्यांची इथे गर्दी का, याचं एक साधं कारण आहे. जुन्या गावाच्या हद्दीत दारू हातात घेऊन रस्त्यावर फिरता येतं. प्लॅस्टिकचा कप, 16 औंसांपर्यंत, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडा कमी, माणशी एक. अमेरिकेत फार कमी ठिकाणी हे चालतं. बाकी प्लॅनिंगचं म्हणाल तर मार्चच्या मध्यात जाऊ नका, सेंट पॅट्रिक्स डेला सगळं गाव हिरवं होतं आणि खोल्यांचे भाव लाल. उन्हाळ्यात मुंबईच्या मे महिन्यासारखं चिकचिकतं. ऑक्टोबर बरा, पण तो चक्रीवादळांच्या मोसमातला, त्यामुळे रद्द करता येईल असंच घर घ्या. रिव्हर स्ट्रीटवर हिल्स घालू नका. तिथले दगड जहाजांनी तोल राखायला आणलेले आणि इथे टाकून दिलेले, त्यांच्यावर आमच्या दोघींचे घोटे मुरगळले.

तर शनिवार दुपार. शहराबाहेर एक जुनं प्लँटेशन आहे, आता तिथे लग्नं होतात. ओकची रांग, पांढऱ्या खांबांचं घर, व्हरांड्यात सातजणींसाठी जेवण आणि तासभर फोटोग्राफर. मी 300 डॉलर डिपॉझिट भरलं, परत न मिळणारं. नवरीसाठी सरप्राइज म्हणून रकाना गुलाबी केला आणि तिला सोडून बाकीच्यांना शीट पाठवली.

पंधरा मिनिटांत हार्ट आले. छोटीनं वेगळा मेसेज केला, "ताई, माझे पैसे दोन हप्त्यांत चालतील का?" मी तिचा वाटा निम्मा केला आणि शीटमधला तो कॉलम लपवला. मेकनवालीचा मेसेज रात्री आला, तोही फक्त मला: "सगळं मस्त आहे. शनिवारी दुपारी मी तिथे येणार नाही. तुम्ही जा, संध्याकाळी भेटू. माझा वाटा मी देते."

बस, एवढंच. 'का' नाही, रागाचा शब्दही नाही. मी 'ओके' लिहिलं, खोडलं, 'सॉरी' लिहिलं, तेही खोडलं.

प्लँटेशनचा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. या देशात सहा वर्षं काढली होती. गुलामीवरचे सिनेमे पाहून रडले होते. तरी शीटमध्ये तो शब्द टाइप करताना डोक्यात फक्त झाडं होती. गंमत म्हणजे ओगलथॉर्पच्या जॉर्जियात सुरुवातीला गुलाम ठेवायला बंदी होती. 1751 मध्ये ती उठली. मग भात आला, कापूस आला. 2 आणि 3 मार्च 1859 ला याच सव्हानाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पिअर्स बटलर नावाच्या मालकानं आपलं कर्ज फेडायला चारशेहून जास्त माणसं लिलावात काढली. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. त्या लिलावाला 'वीपिंग टाइम' म्हणतात, रडण्याचे दिवस. हे मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचलं. आधी वाचलं असतं तर रकाना गुलाबी केला असता का? खरं सांगायचं तर, कदाचित केला असता. 'आपण नुसतं जेवायला जातोय' असं म्हटलं असतं.

झोप लागेना तेव्हा आजी आठवली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गावात एक वाडा आहे, दगडी जोत्याचा, सागवानी खांबांचा. आजी आणि तिची सासू तिथे सारवायला, निवडायला, पाखडायला जायच्या. जायच्या मागच्या दारानं. भाकरी मिळायची ती पदरात वरून टाकलेली. हे आजी कधी रडून सांगायची नाही; आमच्या विहिरीला किती पायऱ्या आहेत हे सांगावं तसं सांगायची. पुढे वाड्याच्या वारसांनी तो नीट केला, तिकीट लावलं, अंगणात तुळशीवृंदावन रंगवलं. 2019 मध्ये माझ्या चुलतभावानं त्याचं प्री-वेडिंग शूट तिथेच ठरवलं. आम्हा सगळ्यांना ते भारी वाटलं. ज्या दारातून आत घेत नव्हते त्याच दारातून आपण नऊवारी आणि गॉगल घालून जाणार, असं तो स्वतःच म्हणाला होता. सगळे दोन गाड्या भरून निघालो. वाड्यासमोर गाडी थांबली आणि आजी म्हणाली, "तुमी जावा. मी न्हाई यायची तितं."

आम्ही हसलो. काकू म्हणाली, "गुडघे दुखतायत त्यांचे." आजी गाडीतच बसली, आम्ही आत गेलो. फोटो सुंदर आले. मी त्यातले चार इन्स्टावर टाकले. आजी 2021 मध्ये गेली, आणि ती गाडीत का बसली हे मी तिला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं की शनिवारची दुपार मी रद्द करते आहे. मेकनवालीचं नाव घेतलं नाही. 'माझ्या मनाला पटत नाहीये' असं लिहिलं आणि आजीची गोष्ट लिहिली नाही, कारण ह्यूस्टनवालीला माझं आडनाव ऐकून काही कळत नाही आणि मला ते तसंच बरं वाटतं. ह्यूस्टनवाली भडकली. "अगं, झाडं आहेत ती! झाडांनी काय केलंय?" जर्सीवाली म्हणाली, मग ताजमहालही बघायचा नाही का? मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, आणि माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की त्या दोघी जातील, आम्ही बाकीच्या गावातच थांबू. 300 डॉलरमधले त्यांच्या जेवणाचे वळते करून बाकी मी भरले. रकाना पिवळा झाला.

शनिवारी सकाळी घरमालकिणीच्या व्हरांड्यात कॉफी पिताना मेकनवालीनं विषय काढला. "माझ्यामुळे रद्द केलंस?" मी म्हटलं, थोडं तुझ्यामुळे, थोडं आजीमुळे. मग तिला आजीची गोष्ट सांगितली. इंग्रजीत सांगताना 'वाडा' या शब्दाशी अडले, शेवटी 'बिग हाउस' म्हणाले. ती एकदम हसली. प्लँटेशनवरच्या मालकाच्या घराला इथे तेच म्हणतात.

मी विचारलं, मग सव्हानाला कशी आलीस? हे सगळं गावच तसं आहे. ती म्हणाली, "गाव आमचंही आहे. आम्हीच बांधलंय. आजोळ माझं इथून तासाभरावर आहे. मी फक्त त्या व्हरांड्यात बसून जेवणार नाही." आणि मग लगेच, "आता दुपारचं काय? मला भूक लागली की मी वाईट असते."

तर दुपारी पाचजणी तिनं सांगितलेल्या ठिकाणी जेवलो. तिचं आजोळ गल्ला-गीची लोकांचं, म्हणजे या किनाऱ्यावर आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशजांचं. त्यांची स्वतःची भाषा आहे, स्वतःचा भात आहे. रेड राइस आला तेव्हा छोटी ओरडली, "टोमॅटो भात!" सोबत भेंडी. ती भेंडीही आफ्रिकेतूनच इकडे आली. नवरीनं हातानं खाल्लं, मग सगळ्यांनीच.

तिथून फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च. इमारत 1859 मध्ये पूर्ण झाली, त्या लिलावाच्याच वर्षी, आणि बांधली ती गुलामांनीच. तळघराच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. पळून आलेले लोक त्या जमिनीखाली लपत आणि ती भोकं त्यांच्या श्वासासाठी होती, असं चर्चचे लोक सांगतात. 'ब्राइड' लिहिलेला पट्टा नवरीनं आत जाताना काढून पर्समध्ये ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना टेलर स्क्वेअर लागला. आधी त्या चौकाला कॅलहूनचं नाव होतं, गुलामगिरीचा कट्टर समर्थक. 2023 मध्ये ते सूझी किंग टेलरचं झालं. 1848 साली गुलामीत जन्मलेली ही मुलगी सव्हानात चोरून शाळेत जायची. कुणाला कळू नये म्हणून पुस्तकं कागदात गुंडाळून न्यायची. 1848 म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालंच, त्याच वर्षी आमच्या पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिबांनी मुलींची शाळा काढली. मग हेही सांगितलं की जोतिबांनी 1873 चं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलंय, गुलामी संपवल्याबद्दल. मेकनवालीनं कपातली लिंबाची फोड चोखत विचार केला. "सज्जन लोक? पत्ता दिला होता का त्यानं?"

रात्री ती सगळ्यात जास्त नाचली. ह्यूस्टनवालीही आमच्यात येऊन नाचली. तिचे फोटो अप्रतिम आले होते, ओकची रांग, वरून गाळीव ऊन. ते नवरीनं पाहिले तेव्हा ती गप्प झाली. घरी येऊन, मेकअप पुसताना म्हणाली, "मला विचारलं असतंस तरी चाललं असतं ना. मीच नको म्हटलं असतं." थोड्या वेळानं म्हणाली, "म्हटलं असतं बहुतेक." तिचा तो सहा वर्षं जपलेला फोटो निघाला नाही, हे खरं आहे. रविवारी पहाटे फोर्साइथ पार्कच्या झाडांखाली मी फोनवर तिचे पंधरावीस फोटो काढले. पांढरा ड्रेस, पायात स्लिपर, घोट्याला क्रेप बँडेज. डास चावत होते, त्यामुळे प्रत्येक फोटोत तिचा एक हात वर आहे.

दहा वाजता बाकीच्या बॅगा भरत होत्या. मी बाहेर पायरीवर बसून आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आई, दादाच्या त्या शूटच्या वेळी आजी गाडीत किती वेळ बसली होती गं?"

"कधी? वाड्यावर? झाले असतील की साडेतीन तास. काचा वर करून गेला होता ड्रायव्हर. का गं?"