तोलामोलाचा प्रतिस्पर्धी

घरातील वृद्धांशी आपण शेवटचा वाद केव्हा घातला? पथ्यपाण्यावरून नव्हे, त्यांच्या आवडीच्या विषयावरून.

माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांची स्मृती विरळ होत चालली आहे. सकाळची गोळी घेतली की नाही, हे त्यांना आठवत नाही. परंतु दारासिंगचे नाव निघताच ते सावरून बसतात. १९६८ साली मुंबईत त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरविले, तीच सर्वश्रेष्ठ लढत, असा त्यांचा आग्रह. माझ्या मुलाचा कौल अंडरटेकरला. “ते सारे आधी ठरलेले नाटक,” वडील म्हणतात. “मग थेझची लढत ठरलेली नव्हती कशावरून, आजोबा?” तो विचारतो. त्यावर पकड कोणाची पक्की, पडणे कोणाचे अवघड, असा खल रंगतो.

अशा वादाने गेलेली स्मृती परतत नाही. तो उपचार नव्हे. मात्र दिवसभर “हो बाबा, बरं बाबा” ऐकणाऱ्या माणसाला तेवढा वेळ कोणी रुग्ण न मानता तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मानते. शुश्रूषेत हा मान सहसा राहून जातो.

म्हणून त्यांच्या मताला लगेच मान डोलावू नका. कारण विचारा, प्रतिवाद करा. चेहऱ्यावर थकवा किंवा त्रागा दिसला, की कुस्ती बरोबरीत सोडवावी.